पेटीत नसलेली आजी

प्लॅस्टिकच्या विमानाचा जोडसंच, म्हणजे ज्याला तुम्ही किट म्हणता तो, तुमच्यापैकी काहींनी उघडून पाहिला असेल. पेटीच्या झाकणावर ढगांतून झेपावणारे विमान रंगविलेले असते. आत मात्र विमान नसते. आत असतात दोन-तीन चौकटी, आणि फांद्यांना फळे लगडावीत तसे त्या चौकटींच्या काड्यांना विमानाचे अवयव लगडलेले असतात. इकडे अर्धा पंख, तिकडे एक चाक, कोपऱ्यात नखाएवढा वैमानिक. प्रत्येक अवयवाशेजारी एक आकडा असतो. सोबतच्या कागदावर चित्रे असतात आणि ती चित्रे जणू आज्ञा करतात : एकला दोन चिकटवा, त्यावर तीन बसवा. आज्ञा पाळीत गेले की संध्याकाळपर्यंत विमान उभे राहते.

विमान उभे राहिले की चौकटी उरतात. त्यांच्याबरोबर काही अवयवही उरतात; कारण एकाच संचातून विमानाचे दोन-तीन प्रकार करता यावेत म्हणून कारखानदार पुष्कळदा जास्तीचे भाग घालून ठेवतो. तुम्ही एक प्रकार निवडला की दुसऱ्याचे भाग शिल्लक राहिले. मग घरातील कोणी वडीलधारे माणूस म्हणते, "झालं ना विमान? आता हा पसारा टाकून दे." त्या पसाऱ्याची बाजू मांडण्यासाठी मी हे लिहीत आहे. माझ्या मते संचातील कागदावरचे शेवटचे चित्र संपते, तेथे मुलाचे स्वतःचे काम सुरू होते. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून ते मिळाले, आणि ती चूक झाली तेव्हा मी मुख्याध्यापक होतो.

माझे बालपण अंबरनाथच्या पश्चिम भागात गेले आणि पुढे नोकरीही तेथेच झाली. आमचे गाव म्हणजे वस्तू घडविणाऱ्यांचे गाव. ऑर्डनन्सच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लावली जात. विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. तो आज चालू नसला तरी विम्को नाका हे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. त्यामुळे आम्हां मुलांची खेळणी बहुधा रिकाम्या काड्यापेट्यांची असत. दहा पेट्या दोऱ्यात ओवल्या की झाली आगगाडी. सोड्याच्या बाटल्यांची बुचे ही तिची चाके, आणि शिवणाच्या दोऱ्याचे लाकडी रीळ हे इंजिनाचे धुराडे. दुकानातून आणलेली चावीची आगगाडी आमच्या आळीत एकाच मुलाकडे होती. ती खेळण्यासाठी क्वचित आणि दाखविण्यासाठी नेहमी बाहेर काढली जाई. आमच्या गाडीला मात्र रोज काही तरी नवे जोडले जाई : कधी पाण्याची टाकी, कधी गार्डाचा दिवा. हे सारे मी स्वतः केलेले होते. तरीही मोठेपणी मी ती चूक केली, म्हणून ती मला अधिक बोचते.

निवृत्त होण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते आणि परीक्षकांत मी मुख्य होतो. एका टेबलावर एक जहाज होते. परदेशी संच, एकसारखा राखाडी रंग, शिडीची एकेक पायरी स्पष्ट. दुसऱ्या टेबलावर सातवीतील एका मुलाने आपल्या गावच्या स्थानकाचा पश्चिमेकडचा एक तुकडा केला होता. फलाट, त्यावरचे छप्पर, पादचारी पूल, बाहेर येणारा रस्ता, रस्त्याच्या कडेला दोन हातगाड्या. पण त्यात काही भाग हिरवे, काही राखाडी, एखादा भलताच लाल. पुलाचा कठडा पांढरा, तर त्याचे खांब काळे. मी जहाजाला पहिले बक्षीस दिले आणि स्थानकासमोरच्या कागदावर शेरा लिहिला : "कल्पना चांगली, भाग विजोड." हा शेरा लिहिताना मला आपण फार नेमके लिहीत आहोत असे वाटले होते.

जहाज करणाऱ्या मुलानेही मन लावून काम केले होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्याचे बक्षीस मी आजही परत मागणार नाही. माझी चूक जहाजाच्या टेबलाशी घडली नव्हती.

संध्याकाळी दालनाला कुलूप लावण्यापूर्वी मी एकटाच फिरत होतो. स्थानकाचा मुलगा फलाटावर वाकून काहीतरी सरळ करीत होता. मी जवळ गेलो आणि त्या दिवशी प्रथमच खाली वाकून पाहिले. फलाटावर पिण्याच्या पाण्याचे नळ होते. ते कशाचे केले असे विचारले, तर मुलगा म्हणाला, "सर, त्या विमानाच्या बंदुका आहेत." मामाने त्याला दुसऱ्या महायुद्धातील एका लढाऊ विमानाचा संच दिला होता. त्यातील उरलेल्या बंदुकांच्या नळ्या त्याने टोकाशी वाकवून नळ केले होते. नळाखाली कळशी होती. ती म्हणजे बॉम्बचा पुढचा अर्धा भाग. मागचे शेपूट कापून तोंडाशी एक कडे बसविले होते. हातगाड्यांना लावलेली चाकेही विमानाचीच होती.

आणि पुलाच्या पायथ्याशी एक म्हातारी पाटी घेऊन बसली होती.

"ही कोण रे?" मी विचारले.

"आमची आजी, सर. ती स्टेशनाबाहेर भाजी विकते."

ती आजी म्हणजे पेटीतील वैमानिक होता. वैमानिक बसलेला असतो, हे त्या मुलाच्या बरोबर लक्षात आले होते. त्याने पातळ कागद डिंकाच्या पाण्यात भिजवून वैमानिकाच्या अंगाभोवती लुगडे गुंडाळले होते आणि शिरस्त्राणावरून पदर घेतला होता. पुढ्यातील पाटी म्हणजे बॉलपेनच्या टोपणाचा कापलेला बुडखा. मी हसत म्हणालो, "मग तुझे विमान कोण चालवतो?"

"काचेला आतून काळा रंग दिलाय, सर," तो म्हणाला. "आत कुणी आहे की नाही ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन पालकांसाठी खुले होते. आजी स्वतः आल्या. भाजीची पाटी त्यांनी दाराशी ठेवली आणि नातवाच्या टेबलाशी येऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, त्यांना गहिवरून आले असावे. पण त्या म्हणाल्या, "अरे, पाटी रिकामी कशी? भाजी संपली तर मी बसून कशाला राहीन?" मुलाने लगेच खिशातून चौकटीचा हिरवा तुकडा काढला, ब्लेडने त्याचे बारीक छिलके काढले, दोऱ्याने त्यांच्या जुड्या बांधल्या आणि पाटीत ठेवल्या. आजींनी मान हलविली. परीक्षक म्हणून त्या आम्हां तिघांपेक्षा सरस होत्या. आम्ही रंग पाहिला होता; त्यांनी खरेपणा पाहिला.

भाग विजोड होते, हे खरेच. विमानाची बंदूक आणि पेनचे टोपण यांचा एकमेकांशी काय संबंध? पण जरा विचार करा. भाजी विकणारी आजी कोणत्या पेटीत मिळाली असती? हे संच तयार होतात दूरच्या देशांत, आणि तेथील मुलांनी जे पाहिले ते त्यांत असते. त्यांचे सैनिक, त्यांची घरे, त्यांच्या रस्त्यांवरचे दिवे. शेवळांच्या जुड्या घेऊन पावसाच्या तोंडाशी बदलापूरकडून येणारी बाई त्यांत नसते. डोक्यावर हंडा घेतलेली मुलगी नसते. रसवंतीचा चरक नसतो, पालखी नसते, पोळ्याचा बैल नसतो. यात त्या कारखानदारांचा दोष मानण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले नाही ते ते कसे करणार? पण आपण जे रोज पाहतो ते आपणही केले नाही, तर ते करणार कोण? म्हणून उरलेल्या भागांतून केलेल्या लहानसहान वस्तूंना मी मूळ विमानापेक्षा मोठा मान देतो. विमान तर पेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सारखेच असते.

असे भाग कसे वापरावेत, याविषयी त्या मुलाकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. त्याचे वडील आमच्या औद्योगिक वसाहतीत मोल्डिंगच्या एका लहान कारखान्यात यंत्रावर काम करीत. तेथे प्लॅस्टिकचा दाणा तापवून पातळ करतात आणि दाबाने पोलादी साच्यात सोडतात. ज्या वाटांनी तो रस साच्यातील पोकळ्यांपर्यंत पोचतो, त्या वाटांत राहिलेले प्लॅस्टिकही वस्तूबरोबरच घट्ट होते. त्याला कामगार 'रनर' म्हणतात. कारखान्यात रनर फेकीत नाहीत. तो दळून पुन्हा दाण्यात मिसळतात. तुमच्या संचातील चौकट म्हणजे हाच रनर. तेव्हा ती टाकाऊ नाही, हे सांगायला मी मुख्याध्यापक कशाला हवा? कोणताही यंत्रकामगार ते सांगेल. वडिलांनी मालकांना विचारून रनरच्या दोन मुठी घरी आणल्या होत्या. पुलाचा पांढरा कठडा त्यांतून झाला होता.

संचाचे प्लॅस्टिक बहुधा पॉलिस्टायरीन नावाचे असते. ते ब्लेडने नीट कापले जाते, कानशीने घासले जाते आणि त्यासाठी मिळणाऱ्या चिकटद्रवाने पक्के जुळते. कारण तो द्रव दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांचा एकजीव करतो. बाटल्यांची झाकणे, दुधाच्या पिशव्या, पेनांची पुष्कळशी टोपणे यांचे प्लॅस्टिक निराळे. त्यांना तो द्रव लागू पडत नाही. मग ओळखायचे कसे? मुलाने मला वाटीभर पाण्यात दोन तुकडे टाकून दाखविले. झाकणाचा तुकडा तरंगला. संचाचा तुकडा बुडाला. पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा किंचित जड असते, झाकणाचे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलके. बुडेल ते बहुधा जुळेल, तरंगेल ते जुळणार नाही, त्याला दोऱ्याने किंवा तारेने बांधावे लागेल. आजींची पाटी म्हणूनच तारेने बसविलेली होती. वर्गात घनता शिकविताना मी वर्षानुवर्षे लाकूड आणि लोखंड यांचीच उदाहरणे दिली होती.

रनरची एक गंमत आणखी आहे. त्याची काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर धरून हळूहळू फिरविली की मधला भाग मऊ पडतो. तेथून बाजूला घेऊन दोन्ही टोके सावकाश ताणली, तर केसासारखा बारीक धागा निघतो, आणि निवल्यावर तो ताठ राहतो. विमानाची रेडिओची तार जगभरचे छंदी लोक याच रीतीने करतात. आमच्या मुलाने त्यातून लोकलच्या डोक्यावरची विजेची तार केली होती. पण हे काम घरातील मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि प्लॅस्टिक पेटू देऊ नये. त्याचा धूर वाईट असतो. कोणते प्लॅस्टिक आहे हे ठाऊक नसेल, तर ते ज्योतीजवळ नेऊच नये. ब्लेडही अंगापासून दूर चालवावे. माझ्या डाव्या अंगठ्यावर एक जुनी खूण आहे. ती काड्यापेट्यांच्या काळातली.

या कामात कौशल्याहून मापाला अधिक मान आहे. विमानांच्या पुष्कळ संचांवर १/७२ असे लिहिलेले असते. हे प्रमाण इंग्रजी मापांतून आले. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून सहा फुटांचा माणूस येथे एक इंचाचा होतो. एवढे एक सूत्र हाती आले की सारे गाव वाटीत मावते. आपल्या लोकलचा डबा सुमारे बारा फूट रुंद. म्हणजे दोन इंच. आजींची पाटी दीड फुटाची. म्हणजे पाव इंच, आणि बॉलपेनच्या टोपणाचा बुडखा जवळजवळ तेवढाच भरतो. त्याने ते टोपण उगाच उचलले नव्हते. त्याने घरातील सगळी टोपणे मोजली होती. आपल्या मोठ्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. त्याला बहात्तरने भागले तर तेवीस मिलिमीटरांहून थोडे अधिक येते. युरोपात व इतरत्र पुष्कळ ठिकाणी रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर आहे, आणि खेळण्यातील रूळ सहसा त्या मापावरून केलेले असतात. म्हणून भारतीय फलाटाशी बसणारे रूळ मुलाला स्वतःच रनरच्या पट्ट्यांतून करावे लागले.

हे माप सुटले की काय होते ते आपण दर दिवाळीत पाहतो. अंगणात मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात. ही आपली फार सुंदर चाल आहे. आपल्याकडची प्रतिकृतीची कला मुळात तेथेच शिकली जाते. पूर्वी बुरुजांवर मातीचे मावळे असत, आता बहुधा प्लॅस्टिकचे असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दरवाजातून आत जाता येणार नाही एवढा मोठा मावळा, आणि त्याच्या शेजारी त्याच्या गुडघ्याएवढा हत्ती, हे दृश्य मला खुपते. मुलांना ते खुपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या मुलाला एकदा ते खुपू लागले, तो मग दुकानातून नवा मावळा आणीत नाही. तो जुन्या खेळण्यांच्या डब्यात हात घालतो आणि बुरुजाच्या मापाचा पहारेकरी शोधतो. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे गेलात तर गाड्यांकडे तर पाहालच. पण रुळांच्या कडेचे दिव्यांचे खांब, कुंपणे आणि सिग्नल यांच्याकडेही पाहा. गाडी धावते ती रुळांवर, पण खरी वाटते ती या लहान वस्तूंच्या शेजारामुळे.

उरलेल्या भागांचे हे काम केवळ गरीब मुलांचे, असा एक समज आहे. तो खोटा आहे. इंग्लंडातील एअरफिक्स या कंपनीने आपल्या पहिल्या प्लॅस्टिक विमानाचा, स्पिटफायरचा, संच १९५०च्या दशकात बाजारात आणला. तो स्वस्त होता आणि अशा संचांमुळे हा छंद घराघरांत पोचला. (योगायोग असा की त्याच दशकात आमच्या अंबरनाथात मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. वस्तू मोठ्या संख्येने करण्यापूर्वी जो एक करून पाहतात तो.) पुढे १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्यातील अवकाशयाने करणाऱ्या कारागिरांसमोर प्रश्न होता, की न पाहिलेल्या यंत्राचा पत्रा खरा कसा वाटावा? त्यांनी रणगाड्यांचे, विमानांचे, जहाजांचे शेकडो संच आणले, फोडले आणि त्यांतील बारीक भाग यानांच्या अंगावर चिकटविले. पडद्यावर ज्या यंत्रसामग्रीने लोक चकित झाले, ती पुष्कळशी रणगाड्यांच्या सुट्या भागांची होती. त्यांच्याकडे पैसा नव्हता म्हणून त्यांनी हे केले नाही. हवी ती वस्तू कोणत्याच दुकानात नव्हती, म्हणून केले.

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी हीच दृष्टी शाळांत नेली. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या या माणसाने काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन आणि घन करून मुलांना भूमिती शिकविली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात २००३ ते २०१४ या काळात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी करून दाखविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या काड्यांचे घन पाहिले तेव्हा मला माझी काड्यापेट्यांची आगगाडी आठवली, आणि थोडी लाजही वाटली.

आता काही पालक विचारतील, की एवढे कष्ट कशासाठी? आज संगणकाला जोडलेली छापयंत्रे आहेत. हवी ती वस्तू ती प्लॅस्टिकमध्ये उभी करून देतात. मी त्या यंत्राला नावे ठेवीत नाही. माझ्या लहानपणी ते असते तर मी त्याच्यापुढून उठलो नसतो. पण त्या यंत्रालाही कोणीतरी सांगावे लागते, की आजीची पाटी केवढी, ती कोणत्या बाजूला कलते, आणि दुपारी चार वाजता तीत किती जुड्या उरलेल्या असतात. हे ज्याने पाहिले असेल त्याच्या हाती यंत्र असो की ब्लेड, आजी नीट होईल. ज्याने पाहिले नसेल त्याची पाटी रिकामी राहील.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एक शिक्षकमित्र म्हणाले, "मुलांना आधी सूचनेप्रमाणे काम करायला शिकवा; तुमच्या या नादाने ती पहिल्या दिवसापासून स्वतःचे शहाणपण चालवतील." यात तथ्य आहे. पहिला संच कागदावर सांगितल्याप्रमाणेच जोडावा, असेच मीही सांगेन. ज्याला दोन अर्धे पंख सरळ चिकटविता येत नाहीत, त्याची हातगाडीही वाकडीच होणार. स्थानकाच्या मुलानेही विमान आधी आकड्यांच्या क्रमानेच जोडले होते. वैमानिक तेवढा वगळून. सुलेखनाची वही कोणी निबंध म्हणून छापीत नाही. पण ती न गिरविता निबंध लिहिणाऱ्याचे अक्षर आम्हां शिक्षकांना भोगावे लागते. मात्र आयुष्यभर सुलेखनाचीच वही गिरवायला लावणे हेही बरे नव्हे.

पसाऱ्यावरून आईची बोलणी बसतात, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच : झाकणाचा डबा. उरलेले भाग त्याच दिवशी चौकटीपासून कापून डब्यात टाकावेत, चाके एका कागदात, नळ्या दुसऱ्या कागदात बांधावीत. मोडलेली खेळणीही टाकण्यापूर्वी उघडून पाहावीत. फक्त गटारातून किंवा कचराकुंडीतून काही उचलू नये, आणि औषधाच्या सुया किंवा पिचकाऱ्या यांना हात लावू नये. डबा असला की पसारा राहत नाही. त्याचा साठा होतो. घरातील लोकांचे म्हणणेही मग हळूहळू बदलते. त्या मुलाच्या आईने पुढे स्वतः तुटलेली केसांची पिन त्याच्या डब्यात टाकायला सुरुवात केली होती.

त्या वर्षीचा निकाल मी बदलला नाही. जाहीर केलेले बक्षीस काढून घेणे हा आणखी एक अन्याय झाला असता. शेरा मात्र मी खोडला आणि त्याखाली नवा लिहून सही केली. मुलाने दोन्ही शेरे वाचले आणि काहीच बोलला नाही. पुढच्या वर्षीच्या गुणपत्रकात मी एक रकाना वाढविला : "पेटीत नसलेले काय केले?" त्याला शंभरांपैकी चाळीस गुण ठेवले. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बराच वाद झाला.

त्या वर्षी सहावीतील एका मुलीने आपल्या गावचे शिवमंदिर केले होते. रुळांच्या पलीकडे, पूर्वेला वालधुनीच्या काठी असलेले हे मंदिर तुम्ही पाहिले असेल, त्यावर इ. स. १०६० सालचा शिलालेख आहे. या शैलीच्या शिखराची रचना मोठी गमतीची असते. मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी असतात, आणि वर जावे तशी ती लहान होत जातात. मुलीने त्यासाठी टूथपेस्टची टोपणे, त्यांवर डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्यांची टोपणे आणि त्यांवर पेनांची टोके अशा ओळी लावल्या होत्या. तिची टोपणे पाण्यात तरंगणारी होती. म्हणून तिने ती चिकटविली नव्हती. प्रत्येकाला भोक पाडून तारेत ओवली होती. शिखराचा वरचा भाग मात्र उघडाच होता.

"टोपणं संपली का ग?" मी विचारले.

"नाही सर, अजून सतरा आहेत," ती म्हणाली. "पण देवळाचं शिखर तरी कुठं पुरं आहे? मी जाऊन बघून आले."

दुसऱ्या परीक्षकांनी काम अपुरे म्हणून तिचे दहा गुण कापले होते. मी त्यांना चहावरून उठविले आणि तिच्या टेबलाशी पुन्हा घेऊन आलो.